दोन केसपेपर

शाळेतून फोन आला तेव्हा राधा वाघमारे ऑफिसात फायलींत डोकं घालून बसली होती. तिच्या दहावीतल्या मुलीच्या, ऋतुजाच्या दप्तरात व्हेप सापडला होता.

"म्हणजे काय गं?" तिने शेजारच्या टेबलावरच्या चैतालीला विचारलं.

"पेनासारखं असतं. निकोटिन ओढतात त्यातून." चैतालीने एका व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता कागदावर लिहून दिला. "माझ्या भावाला तिथेच गुण आला. पोरीवर ओरडू नकोस, नुसती घेऊन जा."

राधा ओरडलीच. चांगली दोन दिवस. नवरा गेल्यापासून चार वर्षं मी कुणासाठी राबतेय, हे तिने इतक्यांदा ऐकवलं की शेवटी तिचं तिलाच नको झालं. शनिवारी दोघी रिक्षात दोन टोकांना बसून केंद्रावर गेल्या.

तिथला समुपदेशक आमोद तिशीचा होता. आधी तो ऋतुजाशी एकटीशी बोलला, मग त्याने राधाला आत बोलावलं. समोर केसपेपर होता.

"सकाळी उठल्या उठल्या त्याचीच आठवण येते?"

"कधीकधी," ऋतुजा म्हणाली.

"लपवून ठेवावं लागतं? संपत आलं की जीव कासावीस होतो? बंद करायचं ठरवून पुन्हा सुरू झालं, असं झालंय?"

ऋतुजा एकेक उत्तर देत होती आणि राधा मनातल्या मनात तीच उत्तरं देत होती. नवरा गेल्यावर डॉक्टरांनी पंधरा दिवसांपुरत्या झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या पंधरा दिवसांची चार वर्षं झाली होती. एकीच्या तीन झाल्या होत्या. घराजवळचा, धायरीतला औषध दुकानदार डॉक्टरांची चिठ्ठी मागायला लागला, तेव्हापासून ती थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाघोलीला जाऊन गोळ्या आणायची आणि साबुदाण्याच्या डब्यात ठेवायची.

"घरात आणखी कुणाला कसली सवय?" आमोदने विचारलं.

"नाही," ऋतुजा पटकन म्हणाली. "कुणालाच नाही." आणि तिने आईचा हात घट्ट धरला.

राधाला उमगलं. पोरीला सगळं ठाऊक होतं. दोन दिवस शिव्या खाऊनही तिने तो डबा तोंडावर फेकला नव्हता. उलट, इथे परक्या माणसासमोर ती आईला पाठीशी घालत होती.

"आहे," राधा म्हणाली. "मला आहे. झोपेच्या गोळ्या. रोज तीन."

आता हा माणूस काय म्हणेल, म्हणून तिने मान खाली घातली. आमोदने खणातून दुसरा केसपेपर काढला.

"बरं झालं बोललात. पूर्ण नाव सांगा."

एवढंच. राधाला रडू फुटलं, पण छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं मोकळंही वाटलं.

मग केंद्रातल्या डॉक्टर आनंदीताईंनी तिला तपासलं. "आजपासून सगळ्या बंद, असला पराक्रम करू नका," त्या म्हणाल्या. "एकदम सोडल्या तर फिट येऊ शकते. आपण हळूहळू कमी करू. वेळ लागेल, पण सुटतात."

वेळ लागलाच. पहिला महिना राधाचे हात थरथरायचे, भाजीत मीठ दोनदा पडायचं. ऋतुजाही एकदा मैत्रिणीकडे व्हेप ओढून आली आणि स्वतःच आमोदला फोन करून मोकळी झाली. दर शनिवारी दोघी जात राहिल्या. सातव्या महिन्यात आनंदीताईंनी राधाची उरलेली अर्धी गोळीही बंद केली.

त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी, भर दुपारी परतताना बसमध्ये राधाचा डोळा लागला. जाग आली ती कंडक्टरच्या आवाजाने.

"मावशी, शेवटचा स्टॉप. गाडी आता डेपोत चालली. मुक्कामाला येताय का?"

राधा धडपडत उतरली. घर तीन स्टॉप मागे राहिलं होतं. "उठवलं का नाहीस गं?"

"तू घोरत होतीस," ऋतुजा म्हणाली. "गोळीशिवाय. मी कशाला उठवू?"

राधा हसायला लागली, ती थांबेचना. मग दोघी उन्हातून घराकडे चालू लागल्या.