नवाईआधीचं कणीस

मी तट्टू बोलतोय. गुडघे सुजलेले, पाठ पोळलेली, डोळ्यांत चिपडं. माझ्यावर दया करू नका. माणसाची दया आणि माणसानं टाकलेला पाला, दोन्ही मी आधी हुंगून बघतो. बरेचदा दोन्ही सडकेच निघतात.

माझा जन्म तापीकाठचा. विकला गेलो सारंगखेड्याच्या घोडेबाजारात. तिथं जो येईल तो आमचे ओठ वर करतो आणि तंबाखूची बोटं हिरड्यांवरून फिरवतो. दिवसभर ती घाण चव तोंडातून जात नाही. काळ्या झग्यातला एक माणूस मात्र तोंडात बोटं न घालताच मला घेऊन निघाला. मनात म्हटलं, सुटलो! माणूस भला दिसतोय.

त्याचं नाव फादर पास्कू, वसईकडचा पाद्री. रोमला राहून त्यानं बायबलचा दांडगा अभ्यास केला होता. मग त्याला दुर्बुद्धी सुचली आणि त्यानं खरं ते लिहिलं. बायबलातली पहिली पाच पुस्तकं मोशे या संदेष्ट्याच्या नावावर आहेत, पण ती एकट्या मोशेनं लिहिलेली नाहीत, ती पिढ्यान्‌पिढ्या पुष्कळ हातांनी घडली, असं त्याचं म्हणणं. १९०९ साल होतं ते. असं बोलणारा पाद्री वरिष्ठांना खपत नसे. तोंड मिटून रानात धर्म शिकव, असं सांगून त्याला तोरणमाळच्या डोंगरात धाडलं. शिक्षा त्याला आणि ओझं मला! ग्रंथांनी भरलेल्या दोन पेट्या मी तो चढ चढवल्या. ज्ञान किती जड असतं ते माझ्या बरगड्यांना विचारा.

दुपारी झोपडीपुढे बसून तो मोठ्यानं हिब्रू वाचायचा. ऐकायला मी एकटा. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, पण मी गाढव नाही, म्हणून मला सगळं ऐकावं लागलं.

शेजारचं वावर रूपलीबाईचं. नवरा गेलेला, बाई एकटीच राबायची. ती त्याला भाकर द्यायची आणि मला भुऱ्या म्हणायची. पहिल्याच पावसाळ्यात फादर तिच्या मक्याच्या कणसाला हात घालायला गेला, तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं.

"थांब बाबा. आधी देवले, मंग आपले."

डोंगरातली रीतच ती. नवाईच्या दिवशी गावदेवाला नवं पीक दाखवायचं, मग सगळ्यांनी रांगेत बसून वाटून खायचं. तोवर नवा दाणा कुणी तोंडात टाकत नाही. टाकला तर देव कोपतो आणि सगळ्या गावाचं पीक जातं.

फादर थबकला आणि एकदम हसत सुटला. "अगं बाई, हेच तर आमच्या बायबलातल्या लेवीय पुस्तकात लिहिलंय! पहिलं पीक देवाचं, तोवर नवं धान्य खायचं नाही!"

त्या दिवसापासून त्यानं नवा ग्रंथ लिहायला घेतला. देवाचे नियम आधी शेतात उगवले, पुस्तकात ते मागाहून आले, असं त्यात मांडायचं होतं. लिहिता लिहिता तो दर वर्षी नवाईच्या रांगेत बसू लागला. रूपलीबाई त्याच्या हातावर वाटा ठेवायची. गावात एकाचाही बाप्तिस्मा झाला नाही, पण गावानं त्याला आपला मानलं ते एवढ्यावरच. मलाही तो आवडू लागला होता. आज हे सांगताना शिसारी येते.

मग एका भाद्रपदात मुंबईहून त्याचे वरिष्ठ आले. त्यांना मोठे फादर म्हणत. त्यांचं घामट धूड मीच वर वाहून आणलं. अंगणात बसून त्यांनी लिखाण चाळलं आणि एक कागद पुढे टाकला.

"लिहिलेलं सगळं चूक होतं, असं यात आहे. सही कर आणि पुण्याच्या मोठ्या विद्यालयात शिकवायला ये. तिथं भिंत भरून ग्रंथ आहेत. नाहीतर बस इथंच कुजत."

तोवर त्यांच्या माणसांनी रूपलीबाईची कणसं तोडून भाजायलाही घेतली होती. वास आला तशी ती विळा घेऊनच धावत आली.

"बाबा, नवाई व्हयनी नही आजून! त्यास्ले सांग ना. तुले तं ठाऊक शे!"

फादर पास्कूनं तोंड उघडलं, पण मोठे फादर आधी बोलले. त्यांनी एक कणीस उचलून त्याच्यापुढे धरलं. "देवाचा नियम हिच्यासारख्यांच्या शेतातून आला, असं लिहितोस ना? मग हे खाऊन दाखव. नुसत्या सहीवर माझा भरवसा नाही."

बाई त्याच्याकडे बघत होती. मीही बघत होतो. एकदा 'नाही' म्हणाला असता तर गाव त्याचं होतं आणि ग्रंथही त्याचा होता.

त्यानं खाल्लं. वरिष्ठांच्या धाकानं एखादा घास गिळला असता तर मी समजू शकलो असतो. पण हा दाणा न दाणा खात सुटला, जणू पुण्याची वाट त्या कणसातूनच जात होती. दाढीत दाणे अडकले. झग्याला तोंड पुसलं आणि सही ठोकली. मोठ्या फादरांनी लिखाण त्याच विस्तवात सारलं. हा जळणाऱ्या पानांकडे बघत दात कोरत बसला. थू!

रूपलीबाई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, तुले तं भूक बी नव्हती."

उरलेली कणसं त्यांनी माझ्यापुढे टाकली. मी तोंड फिरवलं. मला कसला आलाय धर्म? किळस आली, बस.

गावानं कोंबडं कापून देवाची समजूत काढली. फादरला मात्र त्या दिवसापासून कुणी पाणीसुद्धा दिलं नाही. जाताना कणसांची भरपाई म्हणून तो मला रूपलीबाईच्या दारात बांधून गेला. ज्यानं त्याचं ओझं वाहिलं, त्याची ही किंमत!

वर्षं लोटली. ती म्हातारी झाली, मीही झालो. यंदा ऐन नवाईच्या दिवशी एक पांढऱ्या दाढीचा पाद्री धापा टाकत वर आला. आवाजावरून मी ओळखला.

"रूपलीबाई, मी मोठा झालो," तो सांगू लागला. "माझे ग्रंथ रोमला शिकवतात. पाचही पुस्तकं मोशेचीच, असं मी त्यांत सिद्ध केलंय. ते खोटं आहे. लिहितानाही मला ठाऊक होतं."

मोशे कोण, हे तिला कुठलं ठाऊक? ती वाटे करण्यात गुंतली होती. तो गुपचूप रांगेच्या टोकाला बसला आणि हात पुढे केला. वाटत वाटत ती त्याच्यापाशी आली, थांबली. चेहऱ्यावर राग नव्हता.

"तुन्हा वाटा नही, बाबा. तू तं देवना आधीच खाई लिन्हा."

आणि रिकामी टोपली घेऊन ती घरात गेली.

तेव्हा तो उठून माझ्याकडे आला. गळ्यात पडला आणि हुंदके देऊन रडला. माझी आयाळ चिकट झाली. माणसांनो, माझे दिवस भरत आलेत. मेल्यावर मला खुशाल नाल्यात टाका. पण लोक तुम्हाला सांगतील की त्या पंडिताला अखेर एका मुक्या जनावरानं जवळ केलं. त्यावर विश्वास ठेवू नका. दावं आखूड होतं, म्हणून उभा राहिलो.