एका होडीवर पन्नास नावं

कालिम्नोस बेटावरच्या पांदेलिस कोळ्यानं तरुणपणी एका जलपरीचा रुमाल चोरला. रुमालाशिवाय तिला समुद्रात परतता येईना, म्हणून ती, किमो, त्याची बायको झाली. इथवर ठीक होतं. पण तिला एकोणपन्नास बहिणी आहेत, हे बिचाऱ्याला लग्नानंतर कळलं.

दर रविवारी त्या जेवायला यायच्या, ओल्याचिंब. ऑलिव्हची बरणी रिकामी, अंगणात गुडघाभर पाणी, आणि वर कटकट.

"भावोजी, होडीवर एकट्या किमोचंच नाव? आम्ही काय शिंपल्यातून पडलो?"

नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी जाळ्यात नुसत्या जुन्या चपला. शेवटी वैतागून त्यानं एकेकीचं नाव रंगवायला घेतलं. ईस्टरपर्यंत होडीवर नाकापासून शेपटापर्यंत पन्नास नावं झाली, आणि रंगाच्या वजनानं होडी चार बोटं खाली गेली.

बंदरावरच्या अधिकाऱ्यानं चष्मा पुसला. "ही होडी आहे की मतदारयादी? परवाना एकाच नावाला मिळतो. सोमवारपर्यंत ठरव, नाहीतर होडी किनाऱ्यावर."

"साहेब, एक ठेवलं तर एकोणपन्नास वादळं येतील हो!"

"वादळांचा फॉर्म वेगळा असतो."

पांदेलिसनं कपाळ बडवलं. होडी गेली तर खायचं काय? बायकोचं नाव ठेवावं तर मेहुण्या खवळणार, मेहुणीचं ठेवावं तर बायको. अखेर त्यानं सगळी नावं खरवडली आणि सासूचं नाव घातलं : डोरिस.

मेहुण्यांनी तोंडं उघडली आणि तशीच मिटली. आईपुढे कोण बोलणार? परवाना मिळाला.

मंगळवारी भर दुपारी समुद्र फुगला आणि सासूबाई पेटी घेऊन होडीत चढल्या.

"जावईबापू, कुणाला तरी माझी आठवण झाली! पण माझ्या बहिणी रुसल्यात हं. त्यांचीही नावं घाला."

"किती आहेत?"

"फार नाहीत. तीन हजार."

पांदेलिस तडक घरी गेला. पिठाच्या डब्यामागचा रुमाल काढून त्यानं किमोपुढे आपटला. "घे. जा. सगळ्यांना घेऊन जा."

किमोनं रुमालाला खुशाल नाक पुसलं. "हा मला पहिल्याच आठवड्यात सापडला होता. त्या गोतावळ्यातून सुटले म्हणून गप्प बसले. आता चल. होडी आईलाच देऊन टाक. डोंगरावर जाऊन शेळ्या पाळू."

पांदेलिस निघाला. दारात थांबून म्हणाला, "पण एकाही शेळीला नाव द्यायचं नाही."