हात केल्यावर

मोटार चालवायची परीक्षा घेणारा माणूस दुसऱ्याच्या अन्नात माती कालवायलाच जन्माला येतो, असं आकुर्डीच्या माळावर जमणाऱ्या निम्म्या लोकांचं मत होतं. उरलेल्यांचं मत याहून वाईट होतं, पण त्यांना अजून पास व्हायचं होतं, म्हणून ते गप्प बसत. मला त्याचं सुखदुःख नव्हतं. लढाईत मी लष्कराच्या लॉऱ्या हाकल्या होत्या, पुढे मोटार इन्स्पेक्टर झालो, आणि दर आठवड्याला पुण्याहून इथे येऊन उन्हात लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसत होतो. कुणी गिअरच्या दांड्याशी कुस्ती खेळायचा, कुणी ब्रेक समजून दुसरंच काहीतरी दाबायचा. वर नापास केलं की माझ्याकडे असं बघायचे जणू मीच त्यांचा बैल सोडून नेला.

ही गोष्ट अठ्ठावन्न सालची. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेने तेव्हा कारखान्यांची कुंपणं पडायला लागली होती. कुंपण पडलं की कालपर्यंत आत नांगर धरणारा माणूस बाहेर उभा राहून फाटकाकडे बघत बसायचा. दत्तोबा आणि धर्माजी हे असेच दोघं, सख्खे चुलतभाऊ. जमीन आजोबाच्या नावावर एकत्र होती आणि ती सगळी एका नव्या कारखान्यात गेली. कारखान्याच्या साहेबाने सांगितलं, एका सातबाऱ्यामागे एक नोकरी. लॉरीवर ड्रायव्हर पाहिजे, तुमच्यात ज्याला आधी लायसन मिळेल तो या. म्हणजे भाकरी एकच, ती दोन भावांच्या मधे टाकून साहेब मोकळा झाला. पुढच्या सोमवारी जागा भरायची होती. दोघांनीही त्याआधीच्या एकाच गुरुवारी माझ्याकडे परीक्षा लावली. सकाळी आधी दत्तोबा, मग धर्माजी. आधीचा पास झाला की दुसऱ्याचं लायसन नुसतं खिशात ठेवायला.

परीक्षेत मी सगळ्यात जास्त कशावरून लोकांच्या अंगावर धावून जात असेन तर ते हातावरून. त्या लॉऱ्यांना वळायचे दिवे कुठले? वळायचं, थांबायचं, मागच्याला पुढे जाऊ द्यायचं, सगळं उजवा हात खिडकीबाहेर काढून दाखवायचं. थांबायचं असलं तर हात वर उभा धरायचा. हात दाखवल्याशिवाय गाडी थांबवली की मी नापास करायचो, मग तो कुणाचा का जावई असेना. पण या गावांमधून हाताचा अर्थ वेगळा होता. इथे रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या गाडीला हात वर करायचा, त्याला 'हात करणं' म्हणत, आणि हात केल्यावर गाडीवाल्याने थांबायचं. बैलगाडी असो, टांगा असो, डोक्यावरचं ओझं घ्यायचं, माणूस चढवायचं, विचारायचं काही नाही. दत्तोबाने पंधरा वर्षं तळवड्याच्या वाटेवर बैलगाडी हाकली होती. त्याने हात केलेलं माणूस मागे टाकलंय असं एकदाही झालं नव्हतं, आणि हे पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत होतं. मला तेवढं माहीत नव्हतं.

दत्तोबा चाकावर बसला तेव्हा त्याची बायको गवराबाई माळावरच्या लिंबाखाली येऊन बसली होती. मला ते आवडत नसे. परीक्षा म्हणजे काय जत्रा आहे? मी तसं तिला सुनावलंही. ती उठून चार पावलं मागे सरकली आणि पुन्हा बसली.

आता खरं सांगतो, गडी चालवायला झकास होता. परीक्षेसाठी एका ठेकेदाराकडून आणलेली लढाईतली जुनी लॉरी, तिचं चाक उजवीकडे ओढायचं, क्लच लोखंडासारखा कडक, पण या माणसाच्या हाताखाली ती शहाण्यासारखी चालत होती. चढाला त्याने गिअर असा बदलला की मला कळलंही नाही. निगडीला वळताना हात व्यवस्थित बाहेर. ढोरं आडवी आली तर शिव्या नाहीत, घाई नाही. मी मनातल्या मनात त्याला पास करून टाकला आणि तळवड्याच्या कच्च्या वाटेवर घ्यायला सांगितलं. तिथून फर्लांगभर जाऊन मागे फिरायचं, की झालं.

त्या वाटेवर बाभळीपाशी एक म्हातारी उभी होती. डोक्यावर हे एवढं गाठोडं. लॉरी दिसली तसा तिने हात केला.

दत्तोबाने गाडी उभी केली. हात दाखवला नाही, कडेला घेतली नाही, वाटेच्या मधोमध करकचून उभी केली, आणि मी तोंड उघडायच्या आत खाली उडी मारून तिचं गाठोडं घेतलं. मागून एक खडीची लॉरी येत होती. ती आमच्यापासून वीतभर अंतरावरून शेतात उतरली आणि तिच्या ड्रायव्हरने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खाली उतरलो आणि दत्तोबाला जे काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिकाऊ पाटी लावलेल्या गाडीत उतारू घ्यायचा नाही हे सुद्धा त्याला ओरडून सांगितलं. तो ऐकून घेत होता, आणि गाठोडं त्याने अजून हातातच धरलं होतं. एका हातात.

तेव्हा माझं लक्ष गेलं. एवढं मोठं गाठोडं एका हातात कसं राहील? मी ते ओढून घेतलं तर नुसतं फूल. आत भुसकट भरलेलं. भुसकट डोक्यावर घेऊन ही बाई भर उन्हात कुठे निघाली होती? मी विचारलं. ती म्हणाली, आकुर्डीला. मी म्हटलं, आकुर्डीहून येणाऱ्या गाडीला हात करून? तिने पदर तोंडात धरला आणि दत्तोबाकडे बघितलं. दत्तोबाने खाली बघितलं.

म्हातारीचं नाव सगुणाबाई. दत्तोबाची चुलती. धर्माजीची आई.

मी काही दूधखुळा नाही. मला सगळं तिथेच उमगलं. तिला म्हटलं, जशी आलीस तशी चालत जा. दत्तोबा म्हणाला, साहेब, मला नापास करा, पण ऊन लई झालंय, काकूला गावापर्यंत तरी घेऊ द्या. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. आणि त्याला चाकावर बसायला लावलं. म्हातारी भुसकटाचं गाठोडं वाटेवर टाकून, पदर कपाळावर ओढून बाभळीखाली उभी राहिली.

परत येताना दत्तोबाने एकही चूक केली नाही. त्याचाच मला जास्त संताप येत होता. शेवटी मी विचारलं, अरे गाढवा, ती कशाला उभी आहे हे तुला कळलं नाही का? घरच्या माणसाला ओळखलं नाहीस?

"लांबनंच वळखलं, सायेब," तो म्हणाला. "कशापायी उभी हाय ते बी कळलं. तिकडं तिचं कुनी न्हाई, काम न्हाई. पर हात केल्यावर मग काय करायचं?"

हे तो मला विचारत होता. खरंच विचारत होता. त्या प्रश्नाला माझ्याकडे छापील उत्तर होतं, ते मी दिलं, आणि त्याने मान डोलावली. मी नापास लिहिलं. का लिहू नये? खडीची लॉरी एक हात इकडे असती तर तिघं गेलो असतो. मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. नुसती चीड येते, आणि ती कुणावर काढावी हे कळत नाही.

माळावर आल्यावर गवराबाई उठून उभी राहिली. मी काही सांगायच्या आतच तिने नवऱ्याचं तोंड बघितलं आणि विचारलं, कुणी हात केला? दत्तोबाने नाव सांगितलं नाही. ती बाई रडली नाही, ओरडली नाही. धर्माजीकडे एकदा बघितलं, आणि नवऱ्याला म्हणाली, चला, गवत कापायचंय. कुणाचं गवत कापणार होते देवाला ठाऊक. दोघं माळावरून चालत गेली.

मग धर्माजी आला. इस्त्रीचा शर्ट, भांगातून तेल गळतंय, पायात बूट. मला बघून टाचा जुळवून सलाम ठोकला. मी त्याला म्हटलं, तुझ्या आईला रस्त्यावर कुणी उभं केलं? तो म्हणाला, आई म्हातारी झालीय साहेब, कुठेही फिरते. इतक्या सहज म्हणाला की मी बघतच राहिलो. याला नापास करायचा असं मी ठरवून टाकलं. एक चूक, फक्त एक चूक सापडू दे, मग बघतो.

त्याला मी सगळीकडून फिरवला. चढाला थांबवला, बोळातून मागे घ्यायला लावला, मुद्दाम ऐन वेळी वळायला सांगितलं. गडी पाठ करून आला होता. दत्तोबासारखा हात नव्हता त्याचा, गाडी कुरकुरत होती, पण चूक म्हणून दाखवता येईल असं काही नाही. हात कोपरापासून सरळ, पुस्तकातल्या चित्रासारखा. तळवड्याच्या वाटेवर या वेळी लांबून पलीकडच्या टोकाने शिरून आम्ही माळाकडे परत निघालो.

तिथून थोडं पुढे आल्यावर समोर सगुणाबाई चालताना दिसली. बाभळीपासून निघून ती निगडीच्या अलीकडे पोचली होती. वाटेच्या कडेने, अनवाणी. सावली म्हणून कुठे नव्हतीच. लॉरीचा आवाज ऐकून ती वळली, कपाळावर आडवा हात धरून बघितलं, आणि चाकावर कोण आहे हे तिला दिसलं. चेहरा असा उजळला तिचा. तिने हात केला.

धर्माजीने हॉर्न वाजवला. गाडी उजवीकडे थोडी सरकवली, तिला नियमाप्रमाणे पुरेशी जागा सोडली, आणि पुढे घेतली. ती माझ्याच बाजूला होती. माझ्या खिडकीतून तिचा वर केलेला हात इतका जवळून गेला की मनगटावरचं गोंदण मला दिसलं.

मी वाट बघत बसलो. आता थांबेल, मग थांबेल. तो गुणगुणायला लागला. तेव्हा मी म्हटलं, थांबव. त्याने हात बाहेर काढून वर उभा धरला, वेग कमी केला, डावीकडे कडेला घेऊन गाडी अशी अलगद उभी केली की काचेवरची धूळसुद्धा हलली नाही. मी बाहेर वाकून मागे बघितलं. म्हातारी लांब वाटेच्या मधोमध उभी होती. गाडी थांबलेली बघून तिने पावलं उचलली. धावायलाच लागली म्हणा.

"पुढं घेऊ का, साहेब?" धर्माजीने विचारलं.

मी त्याला विचारलं, मागे कोण आहे बघितलंस का? तो म्हणाला, शिकाऊ पाटीवर उतारू घेता येत नाही ना साहेब, तुम्हीच सगळ्यांना बजावता की. आता याला काय बोलायचं? माझेच शब्द माझ्या तोंडावर मारले बेट्याने, आणि तेही नम्रपणे. मी म्हटलं, घे.

माळावर आल्यावर मी पासाचा कागद भरला. दोनदा वाचला. चूक काढायला जागा नव्हती. सही केली, पण कागद त्याच्या हातात देववेना, म्हणून उगाच शाई वाळायची वाट बघत बसलो. धर्माजी चार टाळक्यांना जमवून लॉरी कशी वळवली ते हातवारे करून सांगत होता. कुणीतरी पेढे आणायला गेलं.

बऱ्याच वेळाने सगुणाबाई येऊन पोचली. पाय धुळीने पांढरे झाले होते, ओठ सुकले होते. मुलाकडे गेली नाही. आधी माझ्याकडे आली, खाली बसली, आणि पोरगा पास झाला का म्हणून विचारलं. मी झाला म्हणालो. तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिने घेतला, पण प्यायली नाही.

"सायेब," ती हळूच म्हणाली, "धुरळा लई हुता. मी दिसलेच नसंन त्याला. व्हय ना?"

दिवसभराचा राग माझ्या तोंडात गोळा झाला होता. सकाळी तिने जे केलं त्याचा, आणि तिच्या पोराने केलं त्याचाही. मी कागद वर धरला.

"बाई, रस्त्यावरचं माणूस ज्याला दिसत नाही, त्याला मी लायसन देत नाही. कागद अजून माझ्या हातात आहे. तुम्ही त्याला दिसला नसाल तर आत्ता फाडतो, आणि दत्तोबा पुन्हा परीक्षा देईपर्यंत नोकरी मोकळी ठेवायला कारखान्याच्या साहेबाला सांगून येतो. बोला. दिसलात का नाही?"

ती कागदाकडे बघत राहिली. मग पेढे वाटणाऱ्या पोराकडे. त्याने अजून वळून बघितलं नव्हतं.

"दिसले की, सायेब," ती म्हणाली. "चांगली दिसले. नजरेला नजर मिळाली हुती आमची."