वाल्मीकरावांची रांग

“आई, पास आहे ना आपल्याकडे. पंधरा मिनिटांत दर्शन होईल,” योगेश तिसऱ्यांदा म्हणाला.

चतुराबाईंनी पदर खोचला, ओटीची पिशवी सावरली आणि कठड्यांमधून वळत गेलेल्या रांगेच्या शेवटी जाऊन त्या उभ्या राहिल्या.

“तू जा त्या वाटेनं. मी इथून येते.”

“तुझे गुडघे...”

“गुडघे माझे हायेत. मला ठाऊक हाय.”

सप्तशृंगी गडावर चैत्राची यात्रा भरली होती. सकाळचे नऊच वाजले होते, पण ऊन चटके देत होतं. चतुराबाईंचे यजमान वाल्मीकराव गेल्यानंतरची ही पहिलीच यात्रा. पोलिसात सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाने बावीस वर्षं इथे बंदोबस्त केला. वर्दी अंगावर असताना ते कधीच देवळात गेले नाहीत. पहिल्या पायरीशी टोपी काढून वर बघायचे. ड्यूटी संपली की साधे कपडे घालून रांगेच्या शेवटी.

“बाबांचंच खूळ तुझ्या डोक्यात,” योगेश चिडून म्हणाला. “मी सात वर्षांचा होतो. शिपायाने आपल्यासाठी दोर वर धरला होता. बाबांनी तो खाली केला, आपल्याला मागं पाठवलं. उन्हात मी चक्कर येऊन पडलो. विसरलीस?”

“कशी विसरेन? आठ दिवस बोलले नव्हते मी त्यांच्याशी.” त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “पण पुढचं तुला ठाऊक नाय. ड्यूटी संपवून ते रांगेत आले. बारा तास उभा राहिलेला माणूस. तुला खांद्यावर घेतलं आणि सगळ्या पायऱ्या चढले. तू झोपला होतास.”

योगेश मोबाईल काढून बाजूला निघून गेला.

रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. दोन तासांनी चतुराबाईंचा उजवा गुडघा सुजला. त्या कठड्याला टेकल्या. मागे नामपूरच्या रंगूबाई होत्या, पहाटेच्या एसटीने आलेल्या.

“माय, बस घडीभर. मी तुनी जागा धरस.”

तेवढ्यात बंदोबस्तावरची पोलीस मुलगी जवळ आली. “आजी, त्रास होतोय का? या, इकडून सोडते तुम्हाला.”

नवऱ्याचं नाव सांगावं असं चतुराबाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण या पोरीला ते कुठून माहीत असणार?

“या मावशीपण थकल्यात. त्यांना सोडशील?”

“सगळ्यांना कसं सोडणार, आजी?”

“मग राहू दे, बाळा. घोटभर पाणी असलं तर दे.”

मुलीने स्वतःची बाटली पुढे केली. पाणी पिऊन, रंगूबाईंचा हात धरून त्या उठल्या. पहिली पायरी आली. त्या एक पायरी चढायच्या, दुसरा पाय तिथेच आणायच्या, श्वास घ्यायच्या. मागच्या कुणीही घाई केली नाही.

त्या तिसाव्या पायरीवर असताना खालून गलका ऐकू आला. योगेश पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन कठड्याखालून वाकून आत शिरत होता.

“ओ भाऊ, आमी सकाळपासून उभे हावोत,” एक म्हातारा म्हणाला.

“माझी आई आहे वर.”

“आई समद्यांलाच हाय.”

योगेश उभा राहिला. हात खिशाकडे गेला. पास खिशातच होता. चतुराबाई वरून बघत होत्या, पण त्यांनी हाक मारली नाही.

त्याने बाटल्या म्हाताऱ्याच्या हातात दिल्या. “एवढ्या पुढं पोचवा, बाबा. वर निळ्या लुगड्यात आहे ती.” मग तो वाकून बाहेर पडला आणि कठड्याच्या कडेकडेने मागे चालत गेला.

“कोन शे तो?” रंगूबाईंनी विचारलं.

“माझा मुलगा.”

हातोहात बाटल्या वर आल्या. चतुराबाईंनी पहिली रंगूबाईंना दिली. खाली, प्रसादाच्या दुकानांच्याही पलीकडे, रांगेच्या अगदी शेवटी योगेश डोक्यावर रुमाल टाकून उभा होता. रांग एक पायरी सरकली.

चतुराबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला आणि पाऊल उचललं.