फिकट रेघ

"बांध इथंच होता अन् इथंच राहणार! मेलेल्या दादाची शपथ!" धाकट्यानं छाती ठोकून सांगितलं. तशी त्याची वहिनी, अख्खा गाव जिला थोरली म्हणायचा ती, हातातलं खुरपं रोखून पुढं झाली.

"शपथ घेताना जीभ कशी झडली नाही हो, भावजी?"

नवरा गेल्यावर पुढच्याच हंगामात या दिरानं मधला बांध नांगरून सपाट केला अन् नवा बांध तिच्या रानात सरकवून घातला. चार सऱ्या गेल्या त्याचं सोडा, पण विहीर गेली. नवऱ्यानं स्वतःच्या हातानं खणलेली विहीर! वर हा शहाणा म्हणतो कसा, "वहिनी, पाणी नेताना विचारत जा." तेव्हापासून ती रोज विचारायची अन् रोज आतल्या आत जळायची. एक दिवस यालाच विचारायला लावीन, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

शेवटी मोजणीवाला आला. धाकटाच तोऱ्यात म्हणाला, "साहेब, उपग्रहाचा फोटो बघा. वरनं सगळं दिसतं म्हणे." रान या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवंगार. वरून तरी वेगळं काय दिसणार, असा बेट्याचा हिशेब!

मोजणीवाल्यानं लॅपटॉप उघडला. सगळं रान लालभडक.

"अगं बाई, पेटलं की काय?"

"नाही हो, मावशी. डोळ्यांना न दिसणारा उजेडही उपग्रह टिपतो. जोमदार पीक लाल दिसतं, दमलेलं फिकट. पण ही सरळ फिकट रेघ कसली?"

रेघ विहिरीच्या पलीकडून, धाकट्याच्या रानातून गेली होती. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"सांगा की, भावजी!" थोरलीला हसू आवरेना. "वरचा बांध नांगरलात. खालची तुडवून घट्ट झालेली माती कुठं नेणार होता? पिकाची मुळं शिरतील का तिच्यात?"

मोजणीवाल्यानं रेघेवर खणायला लावलं. हातभर खाली कुदळ जुन्या बांधाच्या दगडांवर खणखणली.

"वहिनी, घरातलं घरात मिटवू."

"मिटवू की! आधी बांध होता तिथं घाला. तुमच्याच हातानं."

भर उन्हात तो दगड रचत होता अन् ती विहिरीच्या कठड्यावर आरामात बसून बघत होती. अख्खा गाव जमला होता. घसा कोरडा पडला तसा त्यानं बादलीला हात घातला.

"विचारायचं असतं, भावजी."

चारचौघांसमोर मान खाली घालून त्यानं विचारलं. थोरलीनं बादलीतलं ओंजळभर पाणी आधी स्वतःच्या तोंडावर मारलं, अन् उत्तर द्यायला चांगला वेळ घेतला.