गप्पूच्या गोष्टीचा शेवट

वाचनालयाच्या मागच्या खोलीत चार जुने कॉम्प्युटर आहेत. तिथे मी रोज तासभर मुलांना टाइप करायला शिकवतो. लिहायचा प्रोग्रामही जुनाच. माऊस नाही, मेनू नाही. सगळा कारभार बटणांच्या जोड्यांवर, दोन बटणं एकदम दाबायची. त्या जोड्या मी पाढ्यांसारख्या पाठ करून घ्यायचो. माझा भाचा असले प्रोग्राम लिहूनच पोट भरतो. मेनू बसवून देतो, मुलांना सोपं जाईल, असं तो दोनदा म्हणाला होता. पांगुळगाड्याची सवय लागली की पोरं चालायची नाहीत, असं सांगून मी त्याला वाटेला लावलं.

मुलांच्या अंकाचा मजकूर शुक्रवारी संध्याकाळी छापखान्यात जायचा होता. त्यात गप्पूची गोष्ट हवी होती. ही दहा वर्षांची मुलगी दिवसाकाठी चार शब्द बोलली तर खूप, म्हणून हे नाव. पण गेले तीन आठवडे तिची बोटं थांबत नव्हती. मागून जाताना बघावं तर पडदा अक्षरांनी भरलेला. मी मनातून खूश.

गुरुवारी मुलं यायच्या आधी मी तिची गोष्ट वाचायला बसलो. तिच्या फोल्डरमध्ये काहीच नव्हतं. सगळीकडे शोधलं. एक ओळ नाही. 

ती आल्यावर हळूच विचारलं. जमिनीकडे बघत ती म्हणाली, "रोज पहिल्यापासून लिहिते."

"रोज? सगळी?"

"पाठ आहे मला. तास संपला की बटण बंद करते, आजोबा."

भिंतीवरचं बटण! जतन करायची जोडी मी पहिल्या दिवशी सांगितली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारणीने ती परत विचारली, तेव्हा मी म्हणालो होतो, "कानाला भोक आहे का गं, लगेच गळायला?" सगळे हसले होते. गप्पूने मात्र त्यानंतर काही विचारलं नव्हतं. गोष्ट रोज वाढत गेली. आता ती इतकी लांबली होती की शेवटापाशी पोहोचायच्या आत तास संपायचा.

भाच्याला फोन केला. टोमणा ऐकायची तयारी होती. पण तो एवढंच म्हणाला, "मामा, निघालोच."

शुक्रवारी पडद्याच्या माथ्यावर एक पट्टी होती. एक बटण दाबलं की यादी उघडायची, आणि प्रत्येक कामापुढे त्याची जोडी लिहिलेली. गप्पूने यादीवरून बोट फिरवलं. 'पुसलेलं परत आणा' पाशी ती थांबली.

"हे आधीपासून होतं? चुकून पुसलं की परत लिहायचे मी."

"होतं."

तिने माझ्याकडे बघितलं. मला तिच्याकडे बघवेना.

मग ती लिहायला लागली. दर परिच्छेदाला यादी उघडून जतन करायची. थोड्या वेळाने पाहतो तर यादी उघडणं बंद. बोटं थेट जोडीवर जात होती. तास संपला. मी कुणालाच उठवलं नाही. काही मिनिटांनी तिने खुर्ची मागे सरकवली आणि रोज जिथे तास संपायचा, ती जागा बोटाने दाखवली.

तिथून पुढे शेवट होता अवघ्या तीन ओळींचा.