वाजवून घेतलेला माठ

मी एक जुना माठ आहे. नांदूरघाटात वैजिनाथ किराणावाल्यांच्या घरामागे परसबाग आहे. तिथे शेजारच्या बुटक्या दगडी भिंतीला लागून मी गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला आहे. वर दिसतं ते फक्त माझं तोंड आणि त्यावर झाकण म्हणून ठेवलेला फरशीचा तुकडा. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव संशयी आहे. एवढी चांगली चांगली माणसं सोडून तुम्ही एका माठाची गोष्ट का ऐकायला बसलात, हाही प्रश्न मला पडलेलाच आहे. पण असू द्या.

हा स्वभाव मला जन्मापासून लागला. हरिबा कुंभारानं मला घडवलं. तळ्याची माती, चाळलेली राख आणि घोड्याची लीद एकत्र तुडवून त्यानं माझा गोळा चाकावर ठेवला. हात मोठा मायेचा होता त्याचा. पण आव्यात भाजायला रचताना मी अगदी कडेला आलो, आणि त्या दिवशी वारा फिरला. पुढच्या बाजूनं मी लालबुंद झालो, मागच्या बाजूनं जरा कच्चा राहिलो. हे हरिबाला कळलं असेल का? मला वाटतं, कळलं असेल. कारण बाजारात त्यानं मला मांडलं ते लाल बाजू पुढे करून.

बाजारात मी पहिल्यांदा माणसं पाहिली. माणसं देवाला हात जोडतात, पाहुण्याला रामराम करतात आणि माठाला टिचकी मारतात! येणारा प्रत्येक जण वाकायचा, बोटानं टणटण वाजवायचा, कान लावायचा आणि तोंड वाकडं करून पुढे जायचा. माठ वाजवूनच घ्यावा म्हणे. माझ्यावर कुणाचाच विश्वास नाही, तर मी तरी लोकांवर का ठेवावा? मीही त्या दिवसापासून माणसं वाजवून घ्यायला लागलो.

वैजिनाथांच्या बायकोनं, महादेवीबाईंनी, मला तीनदा वाजवलं आणि उचललं. घरी नेऊन पाण्यानं भरलं. सकाळी पाहतात तर स्वयंपाकघरात हे एवढं थारोळं! वैजिनाथ त्यात पाय घसरून पडता पडता वाचले.

"वाजवून आनला हुता न्हवं?" ते म्हणाले.

"वाजतो चांगला. पाझरतो त्याला मी काय करू?" महादेवीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आन् पाझरतो तर पाझरू द्या की. जितं पाझरून उपेग हाय, तितं ठिवते."

त्याच दिवशी त्यांनी परसात खड्डा घेतला आणि मला पुरलं. मित्रांनो, तुम्हाला कुणी गळ्यापर्यंत पुरलं तर तुम्हाला काय वाटेल? मला वाटलं, संपलं. पण त्यांनी माझ्या भोवती कारल्याचं बी लावलं आणि मला पाण्यानं भरलं. माझ्या कच्च्या अंगातून पाणी हळूहळू मातीत उतरू लागलं. काही दिवसांनी कारल्याची मुळं येऊन माझ्या पोटाला चिकटली. ही मला फोडायला आली आहेत, अशीच माझी खात्री झाली होती. ती नुसती पाणी पीत होती, हे कळायला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

मग माझे चांगले दिवस आले. एक कळशी पाणी दोन दिवस पुरायचं आणि वैशाखातसुद्धा कारली, दोडकी लोंबायची. गल्लीतल्या बायका मला बघायला यायच्या. कौतुक ऐकून बरं वाटायचं, पण एवढं गोड का बोलतात, असंही वाटायचं.

पुढे वैजिनाथांनी परसात ठिबकच्या काळ्या नळ्या अंथरल्या आणि मला सगळे विसरले. दोन वर्षं माझ्यात पाला साचला. एक बेडूक येऊन राहिला. तो रात्रंदिवस माझ्याकडे टक लावून बघायचा, म्हणून मी त्याच्यावरही नजर ठेवून होतो. यंदा त्या नळ्यांची टाकीच कोरडी पडली. गावात चार दिवसांआड टँकर यायला लागला, तेव्हा महादेवीबाईंना माझी आठवण झाली. त्यांनी पाला काढला, बेडकाला बाहेर सोडलं आणि माझ्याशेजारी दोडक्याचं बी लावलं.

आता नीट ऐका, कारण सगळं पुढचं या दोडक्यावरच आहे. हे बी महादेवीबाईंच्या आईचं. धारूरच्या माहेरी आई दरवर्षी हाच दोडका लावायची, जाड शिरांचा आणि मधासारखा गोड. आई गेली आणि माहेरी तो लावणारं कुणी उरलं नाही. महादेवीबाईंकडे राखेत ठेवलेली पुरचुंडी होती, तिला किडे लागले. त्यातून तीन बिया धड निघाल्या. तीन लावल्या, एक उगवली. म्हणजे जगात त्या दोडक्याचा हा एकच वेल होता आणि त्याला पाणी पाजणारा मी.

वेल भिंतीवर चढला, आणि तिथे न थांबता पलीकडे उतरला. पलीकडे वनमालाबाईंचं अंगण. त्यांचे मालक तानाजी शेती करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या शेळीनं आमची कारली मुळासकट खाल्ली होती. दोन्हीकडून नको ते बोलणं झालं आणि तेव्हापासून बोलणंच बंद झालं. पूर्वी वनमालाबाई महादेवीबाईंना 'अक्का' म्हणायच्या. आता म्हणतात 'ती दुकानवाली'.

आणि सगळ्यात चांगला, पहिला धरलेला दोडका नेमका पलीकडे लोंबला! तोच बियाचा ठेवायचा होता. तो वेलावरच वाळला पाहिजे, आतलं बी खुळखुळलं पाहिजे, तरच आईचा दोडका पुढच्या वर्षी जगणार. आमच्याकडे बियाच्या फळाला खुणेची चिंधी बांधतात, म्हणजे कुणी चुकून तोडत नाही. महादेवीबाई धारूरला भाचीच्या लग्नाला निघाल्या होत्या. घाईत लाल चिंधी सापडली नाही, म्हणून त्यांनी जुन्या छत्रीचं काळं कापड फाडलं. माशीनं डंख मारू नये म्हणून दोडक्याला राख चोळली आणि भिंतीवरून हात घालून चिंधी बांधली. तो दिवस अमावस्येचा होता, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"एक दिवसाआड माठात एक कळशी टाकायची. इसरू नका," असं वैजिनाथांना बजावून त्या नऊ दिवसांसाठी गेल्या.

वैजिनाथांनी पहिल्या दिवशी कळशी ओतली. नंतर दुकान आणि ते.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून वनमालाबाईंची किंकाळी आली.

"अवो, हिकडं या! काळी चिंधी! राखबी फासली हाय! भानामती केली हाय कुणीतरी!"

"कुणीतरी कावून?" तानाजींचा आवाज आला. "त्या दुकानवालीनंच. आवसंला करून गेली आन् आता गावाला पळाली. थांब, काठी आनतो. पाडतोच ते."

माझं उरलंसुरलं पाणी थंडगार झालं. एक काठी, आणि खेळ खलास. पावलं जवळ आली. मग वनमालाबाई म्हणाल्या, "थांबा जरा." चिंधीपाशी बांगड्या किणकिणल्या. "ऱ्हाऊ द्या."

"कावून?"

"ऱ्हाऊ द्या म्हन्ते न्हवं! चला तुमी."

पावलं दूर गेली. मित्रांनो, मला हायसं वाटायला हवं होतं. पण 'कुठंतरी पाणी मुरतंय' असं माणसं म्हणतात ना? माझं सगळं आयुष्य पाणी मुरवण्यात गेलंय. वैरी हातात आलेली काठी खाली का ठेवतो? याहून वाईट काहीतरी मनात असतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी पार कोरडा पडलो. वेलाची पानं दुपारी खाली लोंबली, ती संध्याकाळीही उठली नाहीत. मुळं माझ्या पोटाला चिकटून होती आणि माझ्याकडे द्यायला थेंब नव्हता. एवढा लाजिरवाणा मी कधी झालो नव्हतो. त्यानंतरच्या दुपारी, सगळं गाव उन्हाला दारं लावून बसलेलं असताना, भिंतीवरून हिरव्या बांगड्यांचा एक हात आला. त्यानं माझं झाकण सरकवलं आणि माझ्यात पाणी ओतलं.

पाणी खारट होतं!

झालं! माझी खात्री पटली. काठीनं पाडलं तर गाव बोलेल, म्हणून माझ्या हातून वेलाला विष पाजायचा हा बेत. मी ठरवलं, पाझरायचं नाही. थेंबही बाहेर सोडायचा नाही. सगळं बळ लावून मी पाणी धरून बसलो. पण माझी मागची बाजू कच्ची. पाणी आपलं जात राहिलं आणि मुळं ते पीत राहिली. मी त्यांना ओरडून सांगत होतो, पिऊ नका! माठाचं कोण ऐकतं?

हात रोज दुपारी येत राहिला. मध्येच एकदा वैजिनाथ आले, झाकण उचलून बघितलं आणि म्हणाले, "आँ? आजून भरलेलाच हाय की!" आणि खूश होऊन दुकानात निघून गेले.

दहाव्या दिवशी महादेवीबाई आल्या. पिशवीही खाली न ठेवता त्या परसात आल्या.

"पानी टाकलं न्हवं?"

"एकदाच टाकलं बघ," वैजिनाथ म्हणाले. "मंग बघितलं तवा भरलेलाच. लई झ्याक माठ हाय ह्यो, पानी संपतच न्हाई त्याचं!"

"पानी न संपनारा माठ आसता, तर गावाला टँकर कावून लागला आसता?"

त्या खाली बसल्या. माझ्या तोंडाच्या कडेवर पांढरा थर फुलला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. आमच्या गल्लीत खाऱ्या पाण्याचा बोअर एकाच घरी आहे, वनमालाबाईंच्या. महादेवीबाईंचा चेहरा बघता बघता लाल झाला. माझ्या मनातलंच त्यांच्या मनात आलं होतं. "खारं पानी घालून माज्या आयचा वेल जाळायला निघाली व्हय!" असं म्हणत त्या दगडावर चढल्या आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बोलायला म्हणून भिंतीपलीकडे वाकल्या.

आता मोठं भांडण होणार म्हणून मी जीव मुठीत धरला. मला त्यांच्या फक्त टाचा दिसत होत्या.

पण त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "दोडक्याला ही झोळी कुणी बांदली?"

"म्याच," पलीकडून वनमालाबाई म्हणाल्या. "परवा वळवाचा वारा सुटलता. देठ तुटला आसता."

"आन् हे पोतं?"

"दगड लई तापतो. त्याला टेकून भाजत हुता दोडका. म्हनून मदी लावलं."

"तुमाला करनी वाटली न्हाई?"

"वाटली की! लई वरडले म्या. मंग गाठ बघितली. करनी करनारं मानूस गाठ आवळून मारतं. ही सैल हुती, देठाला फुगायला जागा ठिवलेली. म्हायेरी चकलांब्याला माजी आय आशीच बांदायची. म्हनायची, बियाच्या फळाला वैऱ्यानंबी हात लावू न्हाई. तुमच्या मालकास्नी पानी टाका म्हनून सांगायला गेलते. मला बघून ते आत निगून गेले. मंग काय करू? पानी खारं हाय, ठावं हाय मला. पन गोडं पानी आमच्याकडं तरी कुटं हाय? खाऱ्यावर वेल आट-धा दिस तग धरंल, बिगर पान्याचा दोनबी न्हाई धरनार."

महादेवीबाईंच्या टाचा दगडावरून उचलल्या, त्या आणखी पुढे वाकल्या. "शेळीपायी म्या तुला लई बोलले, वनमाला."

"शेळी माजीच हुती, अक्का."

मित्रांनो, मी तर आधीच जमिनीत पुरलेला. नाहीतर त्या दिवशी लाजेनं पुरून घेतलं असतं. ज्या बाईला मी आठवडाभर वैरीण समजलो, तिच्या पाण्यावर माझा वेल जगला होता. आणि खरं सांगू? माझी इच्छा चालली असती, तर मी थेंबही सोडला नसता आणि वेल माझ्या शहाणपणानं मेला असता. हरिबानं मला कच्चा भाजला, म्हणून तो वाचला. त्याच्याबद्दल जे वाईटसाईट बोललो, ते मी परत घेतो.

पावसाळ्याच्या तोंडावर, रोहिणी संपत आल्या तेव्हा दोडका पार वाळला. दोघी जणी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. महादेवीबाईंनी दोडका कानाशी धरून वाजवला, अगदी मला बाजारात वाजवलं होतं तसा. तो खुळखुळला. टोकाचं बूच काढलं आणि काळंभोर बी ओंजळीत पडलं. त्यांनी त्याचे दोन वाटे केले आणि एक वनमालाबाईंच्या पदरात बांधला.

"एकाच घरात ठिवलं तर पुन्यांदा किडा लागंल," त्या म्हणाल्या. "दोन घरी आसलं म्हंजी माजी आय कुटंतरी ऱ्हाईलच."

उरलेल्या वाळक्या दोडक्याची घासणी झाली. तिनं वनमालाबाईंनी स्वतः माझं तोंड घासून खार काढला. घासताना मला जरा गुदगुल्या झाल्या, पण मी संशय घेतला नाही. म्हणजे, थोडाच घेतला.

तर मित्रांनो, तुमच्या घरामागे एखादा जुना माठ पुरलेला असेल, तर उन्हाळा संपताना त्यातला पाला काढा, त्याचं तोंड घासा. खारानं त्याची छिद्रं बुजली की त्याला पाझरता येत नाही, आणि पाझरता न येणारा माठ झाडाच्या काही कामाचा नाही. माझंही मन असंच बुजलं होतं. माठ वाजवून घ्या, माणूसही वाजवून घ्या, माझी ना नाही. पण वाजवून झालं की दारात ताटकळत ठेवू नका, घरात घ्या.

काल भिंतीपलीकडे कुदळ चालली होती. वनमालाबाईंनी बाजारातून नवा माठ आणलाय. पुरण्याआधी त्यांनी टिचकी मारली, ती मी कान देऊन ऐकली. जरा कच्चाच वाटला. बरं झालं.